भाग बदलला की मशीन चालू होतं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच

सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, पॉवरचा दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. बीपही नाही. चार-पाच वेळा बंद-चालू केलं की कधीतरी डिस्प्ले येतो आणि मग मशीन रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतं. माझ्याकडच्या दोन जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरपैकी एकाचं हे दुखणं तीन महिने चाललं. दोन्ही मशीन एकाच पिढीची, एलजीए ७७५ सॉकेटची (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), डीडीआर२ रॅमची. त्यामुळे एकाचा भाग काढून दुसऱ्यात लावून बघणं अगदी सोपं होतं, आणि ते सोपं होतं म्हणूनच तीन महिने लागले.

पहिल्यांदा रॅम बदलली. मशीन सुरू झालं. जुनी रॅम खराब असं ठरवून बाजूला ठेवली. नऊ दिवसांनी पुन्हा काळी स्क्रीन. मग ग्राफिक्स कार्ड काढून मदरबोर्डावरचाच (पुढे नुसता बोर्ड म्हणतो) डिस्प्ले वापरला; सहा दिवस ठीक. मग बोर्डावरचा सेल बदलला. बारा दिवस ठीक. दर वेळी वाटायचं, सापडलं. आणि दर वेळी एक धडधाकट भाग खराब ठरून खणात जायचा.

ज्यांच्या मशीनचं असंच चाललं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच: मशीन सुरू झालं म्हणजे काढलेला भाग खराब होता, असं सिद्ध होत नाही.

भाग बदलताना आणखी काय काय बदलतं

रॅम बदलायची म्हणजे आपण आधी वायर उपसतो. त्याने बोर्डात साठून राहिलेला चार्ज निघून जातो आणि बोर्ड नव्याने सुरुवात करतो. स्टिक काढून पुन्हा बसवताना सोनेरी पट्ट्यांवरचा गंज आणि मळ खरवडला जातो. दाब देताना बोर्ड किंचित वाकतो, आणि कुठे सोल्डरला बारीक तडा असेल तर तो तेवढ्यापुरता जुळतो. शिवाय तोवर आपण दहा वेळा बटण दाबलेलं असतं, म्हणजे एसएमपीएस, मशीनला वीज पुरवणारा डबा, गरम झालेला असतो. यातल्या कोणत्याही एका कारणाने मशीन उठू शकतं. श्रेय मात्र नव्या रॅमला मिळतं.

म्हणून नवा भाग लावून मशीन सुरू झालं तर कॅबिनेट बंद करू नका. तोच जुना भाग परत लावा. जुन्यावरही सुरू झालं तर त्या भागाचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. कॉन्टॅक्टचा, गरम-थंडाचा किंवा दुसराच काही प्रश्न आहे. जुना लावल्यावर पुन्हा बंद पडलं, तर तो भाग दुसऱ्या मशीनमध्ये लावा. बिघाड भागाबरोबर तिकडे गेला, तर भाग दोषी. बिघाड पहिल्या मशीनपाशीच थांबला, तर स्लॉट, बोर्ड किंवा वीज. एका वेळी एकच भाग हलवायचा; दोन हलवले की उत्तर कोणाचं हे कळत नाही.

आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडात एकदा सुरू झाल्याला काही किंमत नाही. जो त्रास नऊ दिवसांनी येतो त्याच्यासाठी तीन दिवस नीट चाललं हा पुरावाच नव्हे. एक तर तिप्पट दिवस थांबा, नाहीतर तो बिघाड हवा तेव्हा ओढून आणायची युक्ती शोधा. मला ती युक्ती शेवटी एका वहीने दिली, ते पुढे येईल.

एक वही लागतेच. तारीख, कोणता भाग कुठून कुठे गेला, पहिल्या प्रयत्नात सुरू झालं का, आदल्या रात्री काय परिस्थिती होती. भागांवर कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक टाका. दोन सारख्या दिसणाऱ्या रॅम टेबलावर एकत्र आल्या की आठवणीवर विसंबता येत नाही.

आधी रॅम, कारण बहुतेक सगळे तिथूनच सुरू करतात

डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं: एकीला १.८, दुसरीला १.५. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. इथवर सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो खाच जुळूनही न चालणाऱ्या रॅममुळे. सर्व्हरमधून निघालेली, रजिस्टर्ड म्हणतात ती वेगळ्या प्रकारची रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डात बसते, पण चालत नाही. डीडीआर२ च्या काही ४ जीबी स्टिक फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर स्क्रीन काळीच राहते. जी४१ चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरची, सगळ्या भागांना जोडणारी मुख्य चिप) डीडीआर३ बोर्डांचा अनुभव तर अनेकांना असेल: १६ चिपांची ४ जीबी स्टिक चालते, पण दिसायला नवी अशी ८ चिपांची ४ जीबी स्टिक चालत नाही, कारण तिच्यावरची एकेक चिप त्या चिपसेटला झेपत नाही. अशी स्टिक चाचणीसाठी वापरली तर बोर्ड गेला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चाचणीचा भाग त्याच मशीनमध्ये पूर्वी चाललेला असेल तर सगळ्यात उत्तम.

वेग वेगळा असला तर फार बिघडत नाही. ८०० ची आणि ६६७ ची एकत्र लावली तर दोन्ही ६६७ वर चालतात.

पट्ट्या साफ करायला पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस किंवा कापड. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. स्लॉट फुंकू नका, तोंडातला ओलावा आत जातो. मऊ ब्रश वापरा.

मशीन चालू राहतं पण मधेच अडकतं किंवा निळी स्क्रीन देतं असं असेल, तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा. एका वेळी एक स्टिक, रात्रभर. एरर आला तर तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्या मशीनमध्ये. पुन्हा तोच प्रश्न: एरर स्टिकबरोबर जातो का? न गेला तर स्लॉट किंवा वीज बघा. कमजोर एसएमपीएसवर चांगली रॅमही एरर दाखवते.

कॅबिनेटच्या बाहेर, कमीत कमी भागांवर

डिस्प्ले अजिबात येत नसेल तर मी आता आत हात घालून शोधत बसत नाही. बोर्ड काढून लाकडी टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवतो. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस, बोर्डावरचा डिस्प्ले आणि छोटा स्पीकर. हार्डडिस्क नाही, सीडी ड्राइव्ह नाही, समोरचे यूएसबी नाहीत. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की मशीन सुरू होतं. बाहेर चालतं आणि आत चालत नाही असं झालं, तर दोष कॅबिनेटचा: बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) नको त्या जागी राहिलेला, समोरच्या यूएसबीची पिन वाकून दुसरीला टेकलेली, किंवा रिसेटचं बटण आत दाबलेलंच अडकलेलं. एका बोर्डाचं कॅबिनेट दुसऱ्याला वापरताना स्टँडऑफचं दुर्लक्ष हमखास होतं.

स्पीकर विसरू नका. रॅम पूर्ण काढून मशीन सुरू करा. बोर्ड बीप देऊन ओरडला तर प्रोसेसर, बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आणि बोर्डाचा बराच भाग जिवंत आहे, आणि तुमचं निम्मं काम झालं. रॅम नसतानाही शांत राहिला तर रॅमवर वेळ घालवू नका. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे अवॉर्ड बायोसवर डिस्प्लेची तक्रार. एएमआय बायोसवर तीच तक्रार आठ बीपांची असते. म्हणून बीप मोजण्याआधी बायोस कोणाचा ते बघा.

सेलही इथेच तपासा. सीआर२०३२ नवा असताना ३ व्होल्टच्या वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला की मी बदलतो.

प्रोसेसर हलवताना

खरं सांगायचं तर प्रोसेसर क्वचितच खराब होतो. तो बदलताना केलेल्या चुकाच जास्त निघतात. म्हणून मी त्याला शेवटी हात लावतो.

एएमडीच्या जुन्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि हीटसिंक (पंख्याखालचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली पेस्ट वाळून दगड झालेली असते आणि हीटसिंक सरळ वर ओढला तर लॉक लागलेल्या सॉकेटमधून प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, आणि हीटसिंक आडवा डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. मशीन चालूच होत नसेल तर हेअर ड्रायरची ऊब द्या. इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. बोट, कापड, कापूस काहीही तिथे लावू नका. टॉर्च तिरका धरून बघितलं तर वाकलेली पिन ओळीतून वेगळी चमकते.

सॉकेट एक म्हणजे प्रोसेसर चालणारच असं नाही. ७७५ हे सॉकेट २००४ मध्ये आलं आणि पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत सगळे त्यात बसतात, पण जुन्या चिपसेटच्या बोर्डांवर ४५ नॅनोमीटरचे कोअर २ बऱ्याचदा चालत नाहीत. एलजीए ११५५ च्या ६ मालिकेच्या चिपसेटवर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर लावायचा तर आधी दुसऱ्या पिढीचा लावून बायोस अपडेट करावा लागतो. ११५५, ११५६ आणि ११५० एकमेकांत चालत नाहीत. एएमडीत एएम३ चा प्रोसेसर एएम२+ बोर्डात, बायोसची साथ असेल तर, डीडीआर२ वर चालतो. उलटं होत नाही.

जोडणी झाल्यावर दोन गोष्टी बघा. प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा प्लग लावला का? तो राहिला तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, म्हणजे मूळ बिघाडासारखंच दिसतं. आणि ७७५ च्या पंख्याचे चारही प्लास्टिक पाय बोर्डाच्या मागच्या बाजूला पूर्ण बाहेर आले का? अनेकदा काढल्या-बसवल्यावर हे पाय सैल होतात, एक कोपरा उचललेला राहतो, आणि मशीन काही मिनिटांत तापून बंद होतं.

एसएमपीएस, ज्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं

मी तर चौथ्या फेरीत त्याच्याकडे वळलो. पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, हा माझा समज होता, आणि तो बऱ्याच जणांचा असतो. पंखा ७-८ व्होल्टवरही फिरतो. बोर्डाला मात्र १२, ५ आणि ३.३ या तिन्ही लाइन ५ टक्क्यांच्या आत लागतात: पिवळी वायर ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. शिवाय करड्या वायरवरून "वीज आता ठीक आहे" असा ५ व्होल्टचा इशारा येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला सुरूच होऊ देत नाही. तो इशारा आला नाही किंवा डळमळला की पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन काळी राहते.

जांभळी वायर सगळ्यात दुर्लक्षित. मशीन बंद असतानाही, भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर, तिच्यावर ५ व्होल्ट असतात. बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते त्या विजेवर. ती वीज देणारा एसएमपीएसमधला छोटा भाग वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालतो, त्यामुळे त्याचे कपॅसिटर आधी वाळतात. वाळलेल्या कपॅसिटरचा आतला रोध थंडपणी जास्त असतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. म्हणजे थंड असताना मशीन उठत नाही, थोडा वेळ वीज मिळाली की उठतं, आणि मग दिवसभर चालतं.

मोजायची पद्धत: मल्टिमीटर डीसीवर, काळा प्रोब काळ्या वायरला, लाल प्रोब प्लगच्या मागच्या बाजूने हव्या त्या वायरच्या खोबणीत. बोर्ड जोडलेला असतानाच मोजा. नुसता एसएमपीएस सुरू करून बघायचा तर हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरशी जोडतात, पण लोड म्हणून एखादी टाकाऊ हार्डडिस्क लावा. लोडशिवायचे आकडे फसवे असतात. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, लाइनमधली थरथर दाखवत नाही. त्यामुळे आकडे वाईट आले तर एसएमपीएस नक्की वाईट. चांगले आले तर फक्त बहुधा चांगला.

एसएमपीएसचं झाकण उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ राहतात. जाळीतून टॉर्चने बघता येतं तेवढं बघा: फुगलेलं डोकं, तपकिरी ओघळ. बोर्डावरही प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर असेच बघून घ्या. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर कच्च्या इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर फुगले होते.

आणि बिघाड भागाबरोबर जातो का ते बघायचं, हा नियम इथे अर्धाच पाळा. चांगला एसएमपीएस आजारी मशीनला लावा. आजारी एसएमपीएस चांगल्या मशीनला कधीही लावू नका. लाइन वर चढली तर बोर्ड, रॅम, डिस्क सगळं एकदम जाईल. आणखी एक सावधगिरी: काही कंपन्यांच्या तयार मशीनमध्ये २४ ऐवजी ६ किंवा ८ पिनांचा वेगळा प्लग असतो. तो निदान बसत तरी नाही. १९९८ ते २००० च्या सुमाराच्या काही तयार मशीनमध्ये मात्र प्लग हुबेहूब नेहमीचा आणि आतल्या वायरींची जागा वेगळी असते. प्लग लावण्याआधी दोन्हींच्या रंगांचा क्रम जुळवून बघा.

डिस्क दुसऱ्या मशीनला लावली आणि निळी स्क्रीन आली

शेवटी ७बी असलेला कोड दिसला तर घाबरू नका, डिस्क बहुतेक ठीक आहे. विंडोज ज्या मोडवर बसवलं होतं तो साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारी सेटिंग), आयडीई किंवा एएचसीआय, नव्या बोर्डावर वेगळा आहे. बायोसमध्ये जाऊन तो जुन्या मशीनसारखा करा. हाच कोड मशीन न बदलताही येऊ शकतो: सेल संपला, बायोस मूळ सेटिंगवर गेला, मोड बदलला. लोक मग डिस्क फेकतात. एक्सपी बोर्ड बदलल्यावर फार अडून बसायचं, विंडोज १० बरंच सांभाळून घेतं. पण मशीनबरोबर आलेलं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे ॲक्टिव्हेशन जाऊ शकतं.

डिस्कवर संशय असेल तर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचे, आकडे वाचा. ५ क्रमांकाचा म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ चा म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले. हे वाढत असतील तर आजच डेटा काढून घ्या. १९९ चा वाढत असेल तर डिस्क सोडा, आधी साटा केबल बदला.

माझ्या मशीनचं काय झालं

वहीत दोन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर एका संध्याकाळी त्या ओळीने वाचल्या. काळी स्क्रीन आली त्या प्रत्येक सकाळच्या आदल्या रात्री भिंतीवरचा स्विच बंद केलेला होता. स्विच चालू राहिलेल्या एकाही रात्रीनंतर त्रास नव्हता. भागांच्या अदलाबदलीशी तारखांचा काही संबंध नव्हता.

त्या रात्री स्विच बंद केला. सकाळी मल्टिमीटर जांभळ्या वायरला लावून स्विच चालू केला, मशीनचं बटण न दाबता. ४.२ व्होल्ट. वीस मिनिटांत आकडा हळूहळू चढत ४.९ वर आला आणि त्यानंतर बटण दाबल्यावर मशीन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. दुसऱ्या मशीनच्या एसएमपीएसवर थंड असतानाच ५.०८ होते.

तो चांगला एसएमपीएस इकडे लावला आणि पंधरा दिवस रोज रात्री मुद्दाम स्विच बंद ठेवला. पंधराही सकाळी पहिल्या बटणाला डिस्प्ले आला. मग खणात गेलेले भाग एकेक करून परत आणले. आधी ग्राफिक्स कार्ड, चार दिवस थांबून जुना सेल, जो अजून ३ व्होल्ट दाखवत होता. सगळ्यात शेवटी ती पहिल्या दिवशी खराब ठरवलेली रॅम. मेमटेस्ट रात्रभर चालवली, सकाळी एररचा आकडा शून्य होता. ती स्टिक आता त्याच मशीनमध्ये, त्याच स्लॉटमध्ये आहे.